ब्राउझरावरील जाहिरातींचा उपद्रव व त्याचा बंदोबस्त

शेतकऱ्याच्या हातीं हल्लीं जो फोन असतो, त्याचा उपयोग केवळ बोलण्यापुरता राहिलेला नाहीं. बाजार समितीचे भाव, पावसाचा अंदाज, सातबाऱ्याचा उतारा, पीक विम्याचा अर्ज, पीएम-किसानचा हप्ता आणि बँकेचा व्यवहार हीं सर्व कामें त्याच एका यंत्रावर होतात. यांपैकीं पुष्कळ कामें ब्राउझरामार्फत करावीं लागतात. ब्राउझर म्हणजे इंटरनेटवरील पानें उघडून दाखविणारें अॅप. क्रोम, फायरफॉक्स, एज हे सर्व ब्राउझरच होत.

या ब्राउझरासंबंधीं शेतकरीवर्गांत एक तक्रार सर्वत्र ऐकूं येते. कांद्याचा भाव पाहावयास जावें, तों अर्धा पडदा जाहिरातीनें झांकलेला असतो. ती बंद करण्याची फुली सांपडत नाहीं. सांपडलीच तर तिजवर बोट ठेवतांच भलतेंच पान उघडतें. फोन बाजूस ठेवला तरी घटकेघटकेस घंटी वाजते आणि 'आपल्या फोनमध्यें व्हायरस शिरला आहे', 'आपणांस बक्षीस लागलें आहे' अशा सूचना येत राहतात. पुष्कळांची समजूत अशी होते कीं, फोनास कांहीं रोग जडला. मग ते तो दुरुस्तीच्या दुकानांत नेतात, पदरचे पैसे देतात, आणि सारा फोन पुसून घेतांना पिकांचीं छायाचित्रें व हिशेबाच्या नोंदी गमावून बसतात.

आमचें म्हणणें असें आहे कीं, या उपद्रवाचा बराच मोठा भाग रोग नव्हे. ती आपणच एखाद्या बेसावध क्षणीं दिलेली परवानगी असते. दिलेली परवानगी परत घेतां येते, आणि तीस एक पैसाही पडत नाहीं. मात्र परवानगी कोणास व कशी दिली गेली हें समजून घेतल्यावांचून ती परत घेतां येत नाहीं. म्हणून प्रथम या धंद्याची रीति पाहूं व मग उपायांकडे वळूं.

जाहिरातींचा धंदा कसा चालतो

इंटरनेटवरील बहुतेक पानें वाचकास फुकट मिळतात. त्यांचा खर्च जाहिरातदार सोसतो. ही रीति तीस वर्षांहून जुनी आहे. २७ ऑक्टोबर १९९४ रोजीं 'हॉटवायर्ड' या अमेरिकन संकेतस्थळावर एटी अँड टी या टेलिफोन कंपनीची पट्टीवजा जाहिरात झळकली. अशा जाहिरातींचा आरंभ सामान्यतः तेथून मोजतात. त्याच वर्षीं नेटस्केप कंपनींतील लू मॉन्टुली यानें 'कुकी' नांवाची युक्ति काढली. कुकी म्हणजे एखाद्या संकेतस्थळानें आपल्या ब्राउझरांत ठेवलेली लहानशी चिठ्ठी. आपण निवडलेला माल पुढच्या पानावर गेल्यावरही दुकानदारास ओळखतां यावा, अशा साध्या सोयीसाठीं ती उपयोगी पडते. पुढें जाहिरात कंपन्यांनीं आपल्या चिठ्ठ्या असंख्य संकेतस्थळांमार्फत ठेवावयास आरंभ केला, आणि एकच वाचक कोठें कोठें जातो याचा माग त्यांस लागूं लागला. सकाळीं फवारणी पंपाची किंमत पाहिली कीं दुपारीं बातम्यांच्या पानावरही पंपच दिसतो, त्याचें कारण हें आहे.

पान उघडतांच त्यावरील रिकामी जागा लिलावास निघते. हा लिलाव यंत्रें आपसांत करतात व डोळ्याचें पातें लवतें न लवतें तों तो संपतो. अडत्याच्या गाळ्यावर मालाचा लिलाव होतो. येथें लिलाव होतो तो आपल्या नजरेचा. ज्यानें अधिक बोली दिली त्याची जाहिरात आपल्यासमोर येते.

जाहिरात ही मुळांत वाईट वस्तु नव्हे. वर्तमानपत्रें व मासिकें तिच्या आधारावर चालतात, आणि बियाण्याच्या नव्या वाणाची किंवा अवजाराची वार्ता शेतकऱ्यास पुष्कळदां जाहिरातींतूनच कळते. परंतु छापील मासिकांत येणारी जाहिरात संपादकाच्या डोळ्यांखालून गेलेली असते. इंटरनेटवर तसें होत नाहीं. पानाचा मालक जागा भाड्यानें देतो. तेथें कोण येऊन बसला हें त्यास बहुधा माहीत नसतें.

याचा परिणाम काय होतो हें सप्टेंबर २००९ मध्यें न्यूयॉर्क टाइम्ससारख्या प्रतिष्ठित वर्तमानपत्राच्या संकेतस्थळावर दिसून आलें. एका लबाडानें नामांकित टेलिफोन कंपनीचा प्रतिनिधि असल्याचें सोंग घेऊन जाहिरातीची जागा मिळविली, आरंभीं साधी जाहिरात दाखविली, आणि शनिवार-रविवार गांठून तेथें खोटा इशारा लावला कीं, 'आपल्या संगणकांत व्हायरस आहे, हें औषध विकत घ्या.' पान खरें होतें, वर्तमानपत्र खरें होतें. जाहिरात तेवढी खोटी होती. म्हणून ओळखीच्या पानावर दिसली एवढ्यावरून कोणतीही जाहिरात विश्वासास पात्र समजूं नये.

उपद्रवाचे प्रकार

प्रकार ओळखला म्हणजे उपाय निम्मा झाला. मुख्य प्रकार चार आहेत.

पहिला प्रकार आपोआप उघडणाऱ्या खिडकीचा. यास पॉप-अप म्हणतात. याची हकीकत मोठी बोधप्रद आहे. १९९० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धांत अमेरिकेंतील ट्रायपॉड कंपनींत काम करणाऱ्या ईथन झुकरमन यानें जाहिरात निराळ्या खिडकींत उघडण्याची कृति लिहिली. एका मोटार कंपनीची जाहिरात अश्लील पानावर दिसल्यानें ती कंपनी रागावली होती. जाहिरात व पान यांचा संबंध तुटावा, इतकाच त्याचा उद्देश होता. पण त्या युक्तीचा पुढें इतका अतिरेक झाला कीं, २०१४ सालीं त्यानें लेख लिहून लोकांची क्षमा मागितली.

दुसरा प्रकार आपणांस न विचारतां दुसऱ्याच पानावर नेऊन सोडण्याचा. आपण 'डाउनलोड' किंवा 'पुढें' असें बटण दाबतों. तें बटण नसून बटणाच्या आकाराची जाहिरात असते.

तिसरा प्रकार सूचनांचा, म्हणजे नोटिफिकेशनचा. फोनवर होणाऱ्या त्रासाचें मूळ पुष्कळदां येथेंच सांपडतें.

चौथा प्रकार सर्वांत घातक. यांत जाहिरात त्रास देत नाहीं. उलट ती नम्रपणें मदतीस येते. आपण शोधयंत्रांत बँकेचा मदत क्रमांक किंवा सौर पंपाचा अर्ज शोधतों, आणि सर्वांत वर जें उत्तर येतें तें कोणीतरी पैसे भरून वर चढविलेलें असतें.

सूचनांचें मूळ कसें काढावें

संकेतस्थळास आपल्या फोनवर सूचना पाठवावयाची असल्यास ब्राउझर प्रथम आपणांस विचारतो कीं, यास अनुमति द्यावी काय? बातम्या देणाऱ्या किंवा भाव कळविणाऱ्या संकेतस्थळांसाठीं ही सोय केलेली आहे. लबाड संकेतस्थळें तिचा फायदा घेतात. तीं पडद्यावर लिहितात, 'आपण यंत्र नसून मनुष्य आहां हें सिद्ध करण्यासाठीं अलाऊ दाबा', किंवा 'चित्रपट सुरू होण्यासाठीं अलाऊ दाबा'. वाचक दाबतो, आणि त्या क्षणापासून तें संकेतस्थळ बंद असलें तरी त्याच्या सूचना फोनवर उतरूं लागतात. मनुष्य आहां हें तपासण्याचा आणि अलाऊ या बटणाचा कांहींएक संबंध नाहीं, हें पक्कें लक्षांत ठेवावें.

आलेली सूचना बोटानें सारून टाकणें म्हणजे लव्हाळ्याचा शेंडा खुडणें होय. लव्हाळ्याची गांठ जमिनींत राहिली तोंवर तो पुनः पुनः फुटतो. गांठ काढण्याची कृति येणेंप्रमाणें:

१. क्रोम उघडून कोपऱ्यांतील तीन टिंबें दाबावीं व 'सेटिंग्ज' मध्यें जावें.

२. तेथें 'साइट सेटिंग्ज' व त्यांत 'नोटिफिकेशन्स' उघडावें. फोनची भाषा मराठी असल्यास येथें 'सूचना' असा शब्द आढळेल.

३. ज्या संकेतस्थळांस अनुमति दिलेली आहे त्यांची यादी तेथें दिसते. ओळखीचें नसलेलें प्रत्येक नांव उघडून त्याची अनुमति बंद करावी.

४. कोणत्याच संकेतस्थळाच्या सूचना नको असतील, तर त्याच ठिकाणचें वरचें मुख्य बटण बंद करावें. शेतकऱ्याचें कोणतेंही जरूरीचें काम यामुळें अडत नाहीं, असें आमचें मत आहे. बँकेचे व सरकारी निरोप एसएमएसनें किंवा त्यांच्या स्वतःच्या अॅपमधून येतात. त्यांवर याचा परिणाम होत नाहीं.

फायरफॉक्स वापरणाऱ्यांनीं 'सेटिंग्ज' मधील संकेतस्थळांच्या परवानग्यांचें कलम पाहावें. सूचना कोठून आली याचा संशय असेल तर ती सूचनाच नीट वाचावी. ब्राउझरांतून आलेल्या सूचनेवर संकेतस्थळाचें नांव लिहिलेलें असतें.

ब्राउझर बंद असतांही जाहिराती येत असल्यास

कधीं कधीं ब्राउझर उघडलेला नसतांही संपूर्ण पडद्यावर जाहिरात येते. अशा वेळीं दोष ब्राउझराचा नसून एखाद्या अॅपचा असतो. टॉर्च, वॉलपेपर, फोन 'साफ' करणारें साधन, मुलांचे फुकट खेळ यांतील एखादें अॅप नुकतें घेतलें आहे काय, तें आठवावें. ज्या दिवसापासून त्रास सुरू झाला, त्याच्या आगेंमागें घेतलेलें अॅप प्रथम काढून टाकावें. फोनच्या सेटिंग्जमध्यें 'अन्य अॅप्सच्या वर दिसण्याची' परवानगी कोणकोणास आहे याची यादी मिळते. तींत अनोळखी नांव असल्यास तें बंद करावें. त्यानंतर प्ले स्टोअरमधील 'प्ले प्रोटेक्ट' ही तपासणी करावी. सरकारच्या सर्ट-इन या संस्थेमार्फत 'सायबर स्वच्छता केंद्र' २०१७ पासून चालविलें जातें; घातक प्रोग्रॅम शोधून काढण्याचीं साधनें तेथें फुकट मिळतात.

व्हॉट्सअॅपवर आलेली एपीके नांवाची फाइल कधींही बसवूं नये. ती योजनेच्या नांवानें आलेली असो, बँकेच्या नांवानें असो, वा लग्नपत्रिकेच्या रूपानें असो. पाठविणारा ओळखीचा असला तरी हा नियम मोडूं नये. कारण त्याचाच फोन लबाडांच्या हातीं गेलेला असूं शकतो.

ब्राउझराची राखण

परवानग्या काढल्यावर पुढील व्यवस्था एकदांच करून ठेवावी.

'साइट सेटिंग्ज' मध्येंच 'पॉप-अप आणि रीडायरेक्ट' असें कलम आहे. तें बंद आहे याची खात्री करावी. 'सुरक्षित ब्राउझिंग' चालू ठेवावें. ज्ञात असलेल्या फसव्या पानांवर जातांना ब्राउझर त्यामुळें इशारा देतो. तिऱ्हाइतांच्या कुकी रोखण्याची सोय बहुतेक ब्राउझरांत आहे. ती चालू केल्यास माग काढणाऱ्यांचें काम अवघड होतें. 'इन्कॉग्निटो' किंवा 'खासगी' खिडकी उघडल्यानें जाहिराती बंद होतात अशी पुष्कळांची कल्पना आहे, ती चुकीची आहे. त्या खिडकींत आपला इतिहास फोनांत नोंदला जात नाहीं, एवढेंच.

सर्वांत महत्त्वाचें म्हणजे ब्राउझर व फोन यांचीं अद्ययावत आवृत्ति घेण्यास आळस करूं नये. ब्राउझरांत सांपडलेलीं भोकें कंपनी वेळोवेळीं बुजवीत असते. जी आवृत्ति महिनोंमहिने जुनी आहे, तिचीं भोकें लबाडांस माहीत झालेलीं असतात.

जाहिराती मुळींच नको असतील त्यांनीं जाहिरातरोधक वापरावा. हें ब्राउझरास जोडावयाचें पूरक साधन असून जाहिरात देणाऱ्या ज्ञात पत्त्यांची यादी त्याजपाशीं असते. पान उघडतांना त्या पत्त्यांकडे जाणारी मागणी तें वाटेंतच अडवितें. 'यूब्लॉक ओरिजिन' हें रेमंड हिल यानें २०१४ सालीं सुरू केलेलें साधन फुकट असून विश्वसनीय मानलें जातें. अँड्रॉइड फोनवरील क्रोम अशीं साधनें घेत नाहीं. तेथें फायरफॉक्स घ्यावा व त्यास हें जोडावें. संगणकावरील क्रोममध्यें गूगलनें २०२४ व २०२५ या सालांत पूरक साधनांचे नियम बदलल्यामुळें मूळचें साधन चालेनासें झालें. त्याऐवजीं 'यूब्लॉक ओरिजिन लाइट' ही हलकी आवृत्ति मिळते. 'ब्रेव्ह' नांवाच्या ब्राउझरांत जाहिरातरोधक अंगचाच असतो.

येथें दोन सूचना कराव्याशा वाटतात. जाहिरातरोधकास आपण उघडलेलें प्रत्येक पान वाचण्याचा अधिकार मिळतो. म्हणून तो एकच व नांवाजलेला असावा. खऱ्या नांवाशीं मिळतींजुळतीं नांवें घेऊन खोटीं साधनेंही फिरत असतात. नांवाची अक्षरें व कर्त्याचें नांव तपासून मगच घ्यावें. दुसरें असें कीं, एखादें सरकारी वा बँकेचें पान जाहिरातरोधकामुळें नीट उघडलें नाहीं, तर तेवढ्या पानापुरता तो बंद करावा. ज्या वृत्तपत्राचें काम आपणांस मोलाचें वाटतें त्याच्यासाठींही तो बंद ठेवणें योग्य होईल. कारण त्याचें पोट जाहिरातींवर आहे.

जाहिरात जेथें दरोडा होते

आतांपर्यंत सांगितलेला त्रास डोळ्यांचा व वेळेचा झाला. परंतु ज्या फोनवर हा त्रास होतो, त्याच फोनवर आपलें बँकेचें खातें आहे. म्हणून पुढील भाग विशेष लक्षपूर्वक वाचावा.

२०१९ सालीं पीएम-कुसुम योजना सुरू झाल्यावर तिच्या नांवानें नोंदणी घेणारीं खोटीं संकेतस्थळें निघालीं. नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयानें २०२० सालीं जाहीर इशारा दिला कीं, अशा ठिकाणीं पैसे भरूं नयेत व माहिती देऊं नये. ज्या शेतकऱ्यास सौर पंपाची खरी गरज आहे तोच अशा जाळ्यांत सांपडतो. गरज नसलेला मनुष्य तिकडे फिरकतही नाहीं. अर्ध्या किमतींत ट्रॅक्टर, विनातारण तात्काळ कर्ज, विशिष्ट वाणाचें मर्यादित बियाणें, 'आज रात्रीपर्यंतच संधि' या सर्व जाहिराती याच मासल्याच्या असतात. ज्या जाहिरातींत घाई आहे व आगाऊ रक्कम आहे, ती जवळच्या विक्रेत्याकडे प्रत्यक्ष चौकशी केल्यावांचून खरी धरूं नये.

शोधयंत्रांतील उत्तरांवर 'स्पॉन्सर्ड' किंवा 'प्रायोजित' असें बारीक अक्षरांत लिहिलेलें असेल, तर तें उत्तर नसून जाहिरात आहे असें समजावें. डिसेंबर २०२२ मध्यें अमेरिकेच्या एफबीआय या तपास खात्यानें नागरिकांस सावध केलें कीं, लबाड लोक नामांकित कंपन्यांच्या नांवें अशा जाहिराती देतात. आणि उपायांत जाहिरातरोधक वापरण्याचाही सल्ला दिला. बँकेचा मदत क्रमांक शोधयंत्रांत कधींही शोधूं नये. तो पासबुकावर किंवा एटीएम कार्डाच्या मागें छापलेला असतो.

संकेतस्थळाचा पत्ता वाचण्याची एक रीति आहे. पत्त्यांतील पहिली एकेरी तिरपी रेघ शोधावी, व तिच्या लगत डावीकडे काय आहे तें पाहावें. सरकारी पत्ता 'जीओव्ही डॉट इन' किंवा 'एनआयसी डॉट इन' यांवर संपतो. महाभूमीचें सातबाऱ्याचें संकेतस्थळ व पीएम-किसानचें संकेतस्थळ 'जीओव्ही डॉट इन' यावरच संपतात. पत्त्याच्या आरंभीं किंवा मध्यें 'पीएम', 'किसान', 'गव्ह' असे शब्द घालणें कोणासही शक्य आहे. शेवट तेवढा लबाडास मिळविणें कठीण असतें. बँकांसाठीं रिझर्व्ह बँकेनें २०२५ सालीं असा हुकूम काढला कीं, त्यांनीं आपले पत्ते ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत 'बँक डॉट इन' या शेवटावर न्यावे. पत्त्यापाशीं दिसणाऱ्या कुलुपाच्या चिन्हावर मात्र विसंबूं नये. तें चिन्ह एवढेंच सांगतें कीं, वाटेंत कोणी आपली माहिती वाचूं शकत नाहीं. पलीकडे बसलेला मनुष्य सज्जन आहे असें तें सांगत नाहीं. लोकांचा असा गैरसमज होतो म्हणूनच क्रोमनें २०२३ सालीं तें चिन्ह बदललें.

खोटा इशारा आल्यास काय करावें

'आपल्या फोनांत अमुक इतके व्हायरस सांपडले' असें एखादें पान सांगूं लागलें, तर तें खोटें आहे असें निश्चित समजावें. ब्राउझरांत उघडलेल्या पानास आपल्या फोनची अशी तपासणी करतांच येत नाहीं. फोन थरथरला, मोठा आवाज झाला, उलट मोजणी सुरू झाली, तरी घाबरूं नये. पानावरील कोणत्याही बटणास, 'रद्द करा' किंवा फुली यांसही, स्पर्श करूं नये. ब्राउझरांतील टॅब बंद करावा. तें न जमल्यास ब्राउझरच बंद करून पुन्हां उघडावा आणि 'इतिहास' या भागांतून त्या पानाची माहिती व कुकी पुसून टाकाव्या.

अशा पानावर दिलेल्या क्रमांकावर फोन करूं नये. पलीकडील मनुष्य 'दुरुस्तीसाठीं' दूरनियंत्रणाचें एखादें अॅप घ्यावयास सांगतो. असें अॅप मूळचें प्रामाणिक कामासाठीं केलेलें असतें. पण तें दिलें म्हणजे आपला पडदा त्याच्या डोळ्यांसमोर जातो व ओटीपी त्यास आपल्याबरोबरच दिसतो. अशा फसवणुकीसंबंधीं रिझर्व्ह बँकेनें फेब्रुवारी २०१९ मध्येंच बँकांस सावध केलें होतें. पैसे मिळण्यासाठीं यूपीआयचा पिन कधींही घालावा लागत नाहीं, हेंही घरांतील सर्वांस सांगून ठेवावें.

इतकें करूनही पैसे गेलेच, तर लाजेनें गप्प बसूं नये. ताबडतोब १९३० या क्रमांकावर फोन करावा. सायबर गुन्ह्यांसाठीं हा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. तेथील नोंदीवरून रक्कम पुढच्या खात्यांतून काढली जाण्यापूर्वीं अडविण्याचा प्रयत्न होतो. म्हणून प्रत्येक मिनिटास किंमत आहे. त्याच वेळीं बँकेस कळवून खातें व कार्ड बंद करवावें आणि तक्रारीचा क्रमांक लिहून घ्यावा. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानें असें ठरविलें कीं, दोष ना बँकेचा ना ग्राहकाचा अशा प्रकरणांत ग्राहकानें कामकाजाच्या तीन दिवसांत कळविल्यास त्याजवर भार पडूं नये. आणि ग्राहकानें स्वतःच गुप्त आंकडे सांगितलेले असतील, तर कळविण्यापूर्वीं झालेलें नुकसान त्यानें सोसावें. यावरून त्वरेनें कळविण्याचें महत्त्व ध्यानांत येईल.

कायदा आपल्या बाजूस आहे

वाचकास फसवून बटण दाबावयास लावणें ही आतां केवळ चलाखी राहिलेली नाहीं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानें ३० नोव्हेंबर २०२३ रोजीं जीं मार्गदर्शक तत्त्वें काढलीं, त्यांत अशा १३ फसव्या युक्त्या नांवानिशीं नोंदविलेल्या आहेत. खोटी घाई निर्माण करणें, जाहिरातीस बातमीचें किंवा मजकुराचें रूप देणें, पुनः पुनः विनवून त्रस्त करणें, आणि व्हायरसचा धाक दाखवून बनावट साधन विकणें यांचा त्यांत समावेश आहे. एखाद्या दुकानाच्या संकेतस्थळानें किंवा अॅपनें असा प्रकार केल्यास राष्ट्रीय ग्राहक मदत क्रमांक १९१५ यावर तक्रार करतां येते. तक्रार करतांना पडद्याचें छायाचित्र जपून ठेवावें.

घरीं व सोसायटींत

शेतकऱ्याच्या घरांतील फोन बहुधा एकाचा नसतो. दिवसा तो धन्याच्या खिशांत, सायंकाळीं मुलांच्या हातीं खेळासाठीं, व रात्रीं घरांतील बायकांच्या हातीं असतो. परवानगी एकानें दिली तरी तिचा त्रास व धोका सर्वांस भोगावा लागतो. म्हणून हा लेख एकट्यानें वाचून ठेवून देऊं नये. घरांतील मंडळींस वाचून दाखवावा. मुलांवर रागावण्यापेक्षां 'अलाऊ' या शब्दाचा अर्थ त्यांस समजावून सांगणें अधिक फलदायी होय. शक्य असल्यास बँकेचा व्यवहार ज्या फोनवर आहे, तो खेळासाठीं देऊंच नये.

सोसायट्यांच्या कचेऱ्यांतील संगणकाची स्थिति याहून नाजूक असते, कारण तेथें अनेक सभासदांचे कागद व खाते क्रमांक असतात. अशा संगणकावर ब्राउझरास कोणीं कोणतीं पूरक साधनें जोडलीं आहेत तें सचिवांनीं पाहावें, अनोळखी असतील तीं काढावीं, आणि सभासदाचें काम संपतांच त्याच्या खात्यांतून बाहेर पडल्याची खात्री करावी.

दर महिन्याच्या पहिल्या तारखेस पाव तास काढून अनुमतींची यादी, बसविलेलीं अॅपें व ब्राउझराची आवृत्ति एवढ्या तीन गोष्टी पाहाव्या, अशी आमची सर्व सभासदांस शिफारस आहे. जाहिरातींचे डाव बदलत राहतील; आज जो खोटा इशारा व्हायरसचा आहे तो उद्यां वीजबिलाचा असेल. परंतु विचारल्यावांचून कोणास कांहीं देऊं नये, व विचारणारा कोण हें पाहिल्यावांचून होकार भरूं नये, हा व्यवहाराचा नियम शेतकऱ्यास कोणीं नव्यानें शिकवावयास नको. तोच नियम फोनच्या पडद्यासही लावावा, इतकेंच आमचें सांगणें आहे.